पायऱ्या खिडकीखाली

घोटावड्यात आमच्या नव्या घराचं जोतं तयार झालं आणि मी एकाएकी दारं-खिडक्यांतला जाणकार झालो. भांडवल म्हणजे मोबाईलवर पाहिलेले चार व्हिडिओ. दार आणि खिडकी एकाच चौकटीत असली, की दोघांच्या मधे जी उभी पट्टी येते तिला मुलियन म्हणतात, हे मी घरात सांगितलं, शेतात सांगितलं, पिरंगुटच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगितलं. तो पुढच्या स्टॉपला उतरला.

आमची सागवानी चौकट तशीच जोडीची होती. बाहेरून पाहिलं की डावीकडे दार, उजवीकडे खिडकी. सुतारमामा त्या पट्टीला नुसतं 'मधला उभा' म्हणायचे. मी दुरुस्ती सुचवली, तर म्हणाले, "म्हना काय बी. दाराची बिजागरी त्येला धरली म्हंजे झालं."

आईच्या दोनच अटी होत्या. तिचे गुडघे गेलेले, म्हणून दाराच्या पायऱ्या बुटक्या हव्यात. आणि एकदा चौकटीची पूजा झाली, की चौकट जागची हलवायची नाही. पायऱ्या मी आधीच डावीकडे ओतून घेतल्या, कठड्यासकट.

पूजेच्या दिवशी चौकट अंगणात आडवी पडली होती. तिच्या दर्शनी बाजूवर कमळ कोरलेलं. ऊन फार म्हणून भटजींना जोत्यावर, आतल्या बाजूला ताडपत्रीखाली बसवलं. मुहूर्त टळत चाललेला, त्यांना पुढं दुसरीकडे जायचं, आणि सुतारमामा चौकट सरळ उभी आहे का ते बघायचा ओळंबा आणायला गेलेले. मी सूत्रं हाती घेतली.

"उचला! आणि कमळ भटजींकडं करा. पूजा काय चौकटीच्या पाठीची करायची?"

चार भाऊबंदांनी चौकट उचलली, फिरवली, उभी केली. हळदकुंकू लागलं, आंब्याचा डहाळा बांधला, नारळ फुटला. मी पेढे वाटायला घेतले, तेवढ्यात सुतारमामा आले.

"दादा, दार कुटं गेलं?"

"हे काय, समोर."

"व्हय, पर पायऱ्या तर तितं हायेत!"

पायऱ्यांवर पोती टाकली होती आणि पोत्यांवर बायका बसल्या होत्या. त्या उठल्या. पायऱ्या, कठडा, सगळं नेमकं खिडकीखाली. चौकट फिरवली तसं दार उजवीकडे गेलं होतं, आणि कमळ घराच्या आत.

बायको म्हणाली, "अवं, सासूबाईंनी आता गजातून आत शिरायचं का?"

भटजींनी पिशवी आवरत धीर दिला, "मंत्राला आत-बाहेर नसतं."

मी आईपाशी गेलो. "आई, पाच मिनिटांत सरळ करतो."

"पूजलेली चौकट हलवायची न्हाई."

"मग तू चढणार कुठून?"

"ते तू बघ. पायऱ्यांची पूजा कुटं केलीया? त्या हलीव."

हलवायला गेलोही. घण घेऊन घातला, तर दांडा मोडला. पायरीचा टवकादेखील उडाला नाही. व्हिडिओत सिमेंट चांगलं कालवायलाही शिकलो होतो ना! शेवटी दाराखाली नव्या पायऱ्या ओतल्या, आणखी बुटक्या, कठड्यासकट. सुतारमामांनी दार बसायची खाच चौकटीच्या आतल्या अंगाला पाडून दिली, नाहीतर दार बाहेर उघडून येणाऱ्याच्या नाकावर बसलं असतं.

वास्तुशांतीला आई नव्या पायऱ्यांपाशी आली. मी हात पुढे केला, तिनं तो बाजूला सारला. कठडा धरून एक पायरी, मग दुसरी, मग उंबरा. कुठेही न थांबता आत गेली. माझा जीव भांड्यात पडला आणि मी जुन्या पायऱ्यांवर मटकन बसलो.

डोक्यामागून खिडकीच्या गजाआडून आईचा आवाज आला, "आरं, बसलास काय? आत ये की. आन् हितनं चढू नको, दार पलीकडं हाय. घावंना तर इचार कुनाला तरी."