उठी का?

आप्पांना आजारांची नावं कधी पाठ झाली नाहीत. सुरतेतल्या आमच्या खानदेशी मंडळाच्या आजारफंडाचे ते अध्यक्ष, पण अर्ज आला की एकच विचारायचे, "तो उठी का?" म्हणजे इलाजानंतर माणूस अंथरुणातून उठेल का? उठणार असेल तर फंड सगळा खर्च देई. नसेल तर फक्त वेदना कमी करायची औषधं.

मी शाळामास्तर, म्हणून डॉक्टरांना भेटून उत्तर आणायचं काम माझ्या गळ्यात. आप्पा बजावत, "गोड गोड नको सांगू, मास्तर. हा का नही, इतलंच सांग." आयुष्य कडोदऱ्याच्या लूमच्या खडखडाटात गेलेलं, त्यामुळे आप्पांचे कान केव्हाच कामातून गेले होते. भरल्या बैठकीत उत्तर ओरडून द्यावं लागे आणि ते घरच्या लोकांसमोरच.

आप्पा काही दगड नव्हते. ज्याला 'नाही' मिळालं, त्याच्या घरी ते दुसऱ्या दिवशी दाढीचं सामान घेऊन हजर होत. हात थरथरायचा, एखादा तरी ओरखडा ठरलेलाच. आजारी माणसंसुद्धा हसायची.

माझ्या वडिलांच्या कॅन्सरची फाइल मीच बैठकीत नेली. महागड्या इंजेक्शनांनी तीन-चार महिने वाढतील, असं डॉक्टर म्हणाले होते. आप्पांनी प्रश्न विचारला. "नाही," मी म्हणालो. त्यांनी कानामागे हात धरला. मग मी ओरडलो, "नाही!"

"फंड सर्वासना शे, मास्तर," ते म्हणाले. फंड सगळ्यांचा होता. त्यांनी पुढचा अर्ज घेतला. तो एका लूम कामगाराच्या बायकोचा होता, खुब्याच्या ऑपरेशनचा. तिला पैसे मिळाले. वडील दीड महिन्याने गेले. तोवर दर रविवारी आप्पा त्यांची दाढी करायला येत. मी त्यांना चहा देई, पण बोलत नसे. राग होता असंही नाही. आत काही हलतच नव्हतं.

गेल्या वर्षी आप्पांचं यकृत गेलं. मंडळाने ठरवलं, या खेपेला नियम बाजूला ठेवायचा. सगळ्यांचे हात वर होते. आप्पा स्वतः खुर्चीत येऊन बसले आणि माझ्याकडे वळले.

"मास्तर, मी उठसू का?"

डॉक्टरांचं उत्तर माझ्या खिशात होतं. आवाज चढवायचं त्राण नव्हतं. मी हळूच म्हणालो, "नाही, आप्पा." त्यांनी कानामागे हात नेला नाही.

"हात खाले करा," ते सगळ्यांना म्हणाले.

पुढचे रविवार मी त्यांची दाढी केली. ओरखडा एकही पडू दिला नाही.

दुःखाच्या बैठकीला इकडे उठमणं म्हणतात. आप्पांच्या उठमण्याला ती खुब्याच्या ऑपरेशनवाली बाई जिना चढून आली. सगळे रडत होते. मला रडू आलं नाही. डॉक्टरांचंच 'नाही' मी आप्पांना सांगितलं, पण ते नियमासाठी म्हणालो की वडिलांसाठी, हे मला अजून सांगता येत नाही. आणि हा का नही, इतलंच विचारणारा माणूस आता नाही.