दाजींचा ओळंबा

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे, युनुकेचे यजमान नेमवेल, हे आमच्या न्याकेमोरी गावातले सगळ्यात चांगले गवंडी आणि सगळ्यात त्रासदायक गृहस्थ. दोन्ही गोष्टी मी त्यांना तोंडावर सांगितलेल्या आहेत. मेहुणी असल्याचा तेवढा एक फायदा असतो, तो मी पुरेपूर उचलते.

आमच्या टेकडीवरची निम्मी घरं, चर्च आणि शाळेचा हॉल त्यांच्या हातचा. गेली वीस वर्षं ते मंडळीचे वडीलही आहेत, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांपैकी एक. तपकिरी टोपी, कोटाच्या डाव्या खिशात बायबल आणि उजव्या खिशात ओळंबा. तीन हात दोरीला टांगलेला पितळेचा लोळा, सोडला की दोरी सरळच लटकणार. गवंड्यानं भिंतीपाशी ओळंबा धरावा, कुणी नाही म्हणत नाही. दाजी तो पोरींच्या कंबरेपाशी धरायचे, तिथून सगळी भानगड.

आमचं चर्च प्रार्थनेचा आणि विश्रांतीचा वार म्हणून शनिवार पाळतं, त्यामुळे लग्नं रविवारी. लग्नाच्या जेवणात गाणं चालतं, नाच चालत नाही. पण नवरा-नवरीनं आणि करवल्यांनी हॉलमध्ये नुसतं चालत आलेलं कुणाला बघवतं का? म्हणून आम्ही मार्च करतो. दोन पावलं पुढे, एक थांबा, अर्धं वळण, परत दोन पावलं. आता मार्च कुठे संपतो आणि नाच कुठे सुरू होतो यावर वडीलमंडळींची तीन तास सभा झाली होती. एकजण म्हणाले, हात डोक्याच्या वर गेले की नाच. दुसरे म्हणाले, घाम आला की नाच. तिसऱ्या, म्हाताऱ्या योबेशबाबांनी सांगितलं, मजा यायला लागली की नाच समजावा. ते कुणालाच परवडेना, कारण मग मार्चही बंद करावा लागला असता. शेवटी दाजींनी खिशातून ओळंबा काढून टेबलावर ठेवला. कंबर दोरीच्या रेषेत राहिली तर मार्च, रेषेबाहेर गेली तर नाच. विषय संपला. योबेशबाबांनी तसं नोंदवहीत लिहूनही टाकलं.

झालं. तेव्हापासून प्रत्येक लग्नाच्या तालमीला दाजी हजर. मी गायनमंडळाची पुढारी, करवल्या होणाऱ्या पोरी माझ्या, गाणी माझी, आणि हे कोपऱ्यात उकिडवे बसून एक डोळा मिटून दोरी धरणार. "तिसरी. डावीकडे दोन बोटं." जणू पोरगी पाडून परत बांधायची आहे. माझ्या पोरी डोक्यावर पाण्याचं मडकं असल्यासारख्या चालायला लागल्या. एकदा मी वैतागून म्हटलं, दाजी, देवानं बाईची कंबर घडवली तेव्हा तुम्हाला बोलवायला हवं होतं. ते शांतपणे म्हणाले, बोलवलं असतं तर सरळ झाली असती.

आणि प्रत्यक्ष लग्नात कुणाची कंबर हलली, तर ते ओरडायचे नाहीत, भांडायचे नाहीत. मांडीवरची टोपी उचलायची, डोक्यावर चढवायची आणि जेवणाआधी निघून जायचं. बस. त्या टोपीची दहशत अशी, की ती मांडीवरून जरा सरकली तरी माझ्या गळ्यातला सूर चिरकायचा. सख्ख्या पुतण्याच्या लग्नातून ते असेच उठून गेले होते. तिथल्या एका करवलीच्या बुटात मुंगळा शिरला होता हो. पुढे तिनं चावलेली जागाही दाखवली, पण दाजी म्हणाले, मुंगळा पायाला चावला होता, कंबरेला नाही. तेरा लग्नांतून हा माणूस उपाशी घरी गेलाय आणि माझ्या बहिणीनं तेरा वेळा अपमान गिळून त्यांच्यासाठी चूल पेटवलीय.

मग गेल्या वर्षी शाळेच्या नव्या खोलीचं काम चालू असताना दाजी परांचीवरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. ते जुळलं, पण वाकडं. डॉक्टर म्हणाले काठी घ्या. दाजी म्हणाले, जरा लचकलंय, होईल सरळ. काठी घेतली नाही ती नाहीच. आता ते चालले की डावा पाय धप्पकन पडतो, उजवा हलकेच पुढे येतो, आणि मधल्या मध्ये कंबर अशी झोकात बाहेर जाऊन परत येते, की माझ्या मंडळातल्या एकाही पोरीला ते जमणार नाही.

सगळ्या गावाला दिसत होतं. कुणी चकार शब्द काढला नाही. मीसुद्धा नाही, आणि माझी जीभ काय आहे ते एव्हाना कळलंच असेल. युनुकेनं मला सांगितलं होतं, की कोटाच्या शिंप्याकडे आरसा आहे म्हणून ते मापाला जाईनात, तीच जुना कोट घेऊन गेली. हे ऐकल्यावर काय डोंबल चेष्टा करणार? मला वाईट वाटत होतं, आणि दाजींबद्दल वाईट वाटतंय याचाच जास्त राग येत होता.

अशात त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, क्वांबोकाचं लग्न ठरलं. ती लांब बुंगोमा शहरातल्या दवाखान्यात नर्स. मुलगा तिथलाच, न्योंगेसा. स्वभावानं सोनं, चर्चला जाणारा, पण त्यांचं चर्च वेगळं. त्यांच्याकडे ढोल नाही तर लग्न नाही, आणि ढोल वाजला की पाद्रीसुद्धा बसून राहत नाही.

दाजींनी अट घातली. ढोल आणा, पण मार्चच्या तालावर वाजवा. न्योंगेसाची आत्या नालियाका, त्यांच्याकडची मुख्य ढोलवाली, फोनवर इतकी हसली म्हणे, की युनुकेला फोन कानापासून लांब धरावा लागला. चालायला ढोल कशाला लागतो, बाई? पण पोराच्या हट्टापायी कबूल झाली.

लग्नाच्या आठवड्यात क्वांबोका माझ्या स्वयंपाकघरात येऊन केळी सोलत बसली. सोलता सोलता म्हणाली, "मावशी, बाबा माझ्या लग्नातून उठून गेले तर?"

मी म्हटलं, वेडी आहेस का. पण ते जाऊ शकतील हे तिला माहीत होतं आणि मलाही. आमच्यात नवरीला हॉलमध्ये बापानं घेऊन यायचं असतं. दाजी त्यालाही नाही म्हणत होते. मंडळीच्या वडिलांनी ढोलाच्या मागे चालणं बरं दिसत नाही, असं कारण काढलं होतं. खरं कारण ती ओळखून होती. दारापासून व्यासपीठापर्यंत चाळीस पावलं, दोन्ही बाजूंना चारशे माणसं. शेवटी ती त्यांच्यापुढे रडली, तेव्हा कसेबसे तयार झाले. म्हणाली, "ते तेवढे बसून राहिले, जेवले, की मला अजून काही नको."

रविवार उजाडला. चर्चमधलं सगळं सुरळीत झालं, शपथा झाल्या, अंगठ्या झाल्या. मग सगळे शाळेच्या हॉलमध्ये येऊन बसले. एका बाजूला आम्ही, ताठ. दुसऱ्या बाजूला बुंगोमाची बसभर माणसं, रंगीबेरंगी, अघळपघळ, पुढे ढोल घेऊन नालियाका. मागून मटोकेचा, म्हणजे शिजवलेल्या कच्च्या केळ्यांचा, आणि बोकडाच्या मटणाचा वास येत होता. दारात करवल्या, मधे नवरा, आणि सगळ्यांच्या पुढे दाजींचा दंड धरून क्वांबोका. दाजींची टोपी डाव्या हातात. मी टोपीकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि हात वर करून गाणं सुरू केलं.

धप्प, हलकेच. धप्प, हलकेच. पहिल्याच पावलाला कंबर दोन बोटं नाही, चांगली वीतभर बाहेर गेली.

आमची बाजू माना खाली घालून जमिनीकडे बघायला लागली. वर्षभर हेच करत आलो होतो. पण दाजी परांचीवरून पडल्याचं बुंगोमाच्या बाईला कुणी सांगितलंच नव्हतं. नालियाकानं बघितलं काय, तर ज्या व्याह्यानं नाच बंद केला, तोच सगळ्यांच्या पुढे कंबर लचकवत येतोय. तिला वाटलं, नातं जुळलं, व्याही विरघळला. तिचा आनंद गगनात मावेना. तिनं मार्चचा ताल सोडला आणि दाजींच्या पावलावर ढोल धरला. धप्प, हलकेच. धप्प, हलकेच. मागून तिच्या बायकांनी आरोळ्या दिल्या आणि बसभर माणसं उभी राहून तशाच कंबरा टाकायला लागली.

दाजी थांबले. ढोलही थांबला.

"का थांबलात, व्याही?" नालियाका कौतुकानं म्हणाली. "झकास नाचत होतात की. आमच्याकडे तरण्या पोरांना असं येत नाही."

युनुकेनं डोळे मिटून घेतले. क्वांबोकाची बोटं बापाच्या कोटात रुतली होती. टोपी सावकाश वर यायला लागली. कंबरेपर्यंत आली, छातीपर्यंत आली, आणि तिथे अडकली. दाजींनी माझ्याकडे बघितलं.

"बोसिबोरी," ते म्हणाले, "माझी कंबर ओळंब्यात नाही का?"

आयुष्यभर या माणसाला टोमणे मारले, आणि आता हवा होता तेव्हा एक सापडेना. खोटं बोलावंसं फार वाटलं. पण ज्यानं कधी भिंत वाकडी सोडली नाही, त्याला मी काय फसवणार?

"नाही, दाजी," मी म्हटलं. "पडल्यापासून नाही."

त्यांनी मान हलवली. मग मागे वळून दाराकडे बघितलं. अकरा-बारा पावलं होती. पुढे व्यासपीठाकडे बघितलं. तिकडे अजून तीसेक. हिशोब करताना कामावर बघतात तसं एक डोळा मिटून दोन्हीकडे बघितलं.

"पंचाईतच आहे," ते म्हणाले. "बाहेर जायचं तर तेही नाचतच जावं लागणार."

मला हसू फुटलं आणि रडूही. क्वांबोका मात्र हसली नाही. तिनं वडिलांचा दंड नीट धरला, पांढरा झगा जरा उचलला आणि म्हणाली, "मग बाबा, आतच चला. मी आहे ना."

आणि तिनं डावा पाय धप्पकन टाकला, उजवा हलकेच ओढला, आणि कंबर बापाइतकीच बाहेर टाकली. मग न्योंगेसानं. मग माझ्या सहा पोरींनी, ज्यांना मी दोन महिने दोरीच्या रेषेत चालायला शिकवलं होतं. दाजींनी टोपी माझ्या हातात कोंबली, "धर ही," म्हणाले, आणि निघाले. मी टोपीनंच ताल धरला. माझी बहीण, तेरा लग्नांत ताठ बसलेली युनुके, खुर्चीतून उठली आणि लंगडत नवऱ्याच्या मागे गेली. पूर्ण हॉल एका पायानं लंगडा झाला होता, आणि त्यात खरा लंगडा कोण ते बाहेरच्याला ओळखू आलं नसतं.

जेवण वाढलं गेलं तेव्हा योबेशबाबा नोंदवही घेऊन दाजींपाशी आले. बिचारे फार घोटाळ्यात पडले होते. प्रत्येक लग्नाची नोंद करायची असते, मार्च झाला की नाच, आणि ठरवायचं दाजींनी.

"काय लिहू, नेमवेल? चारशे लोकांनी कंबर बाहेर गेलेली बघितलीय."

दाजींनी मटोकेचा घास संपवला. पलीकडे क्वांबोका केक कापायचा सोडून त्यांच्याकडेच बघत होती.

"मार्च लिहा," ते म्हणाले. "ओळंबा वाकडा होता."

योबेशबाबांनी तसं लिहून घेतलं. त्यांनी जन्मात कधी भिंत बांधलेली नाही, त्यामुळे त्यांना काही वावगं वाटलं नाही. दाजींनी ताट पुढे केलं आणि युनुकेला म्हणाले, अजून थोडं मटण वाढ, आणि जाताना कुणाकडे एखादी काठी मिळते का बघ.