बायकांच्या ग्रुपात हवालदार

काय सांगायचं नि कुठून सांगायचं! माझं तोंड माझ्या ताब्यात नाय, हे सगळ्या हमरापूरला ठाऊक हाय. पण माझी बोटंही ताब्यात नायत, हे मला यंदा कळलं. हसायचं तर हसा खुशाल. पण माझा राग अजून उतरलेला नाय, हे आधीच सांगून ठेवते!

आमचा गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणजे काय, घराची पडवी नि पुढं ताडपत्रीचा मांडव. मी डोळे आखते. अहो, रंग काय, कोणीही मारील. डोळे आखायला हात लागतो. गणपतीनं समोरच्याकडं बघितलं पाहिजे! आणि माझ्यासारखी आखणी पंचक्रोशीत... जाऊ द्या, आपल्याच तोंडानं किती सांगू?

तर रंगकाम करणाऱ्या बायकांचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप हाय, त्याची ॲडमिन मी. कोणाकडं मोती रंग संपला, कोणाला हात कमी पडतायत, एवढं कळावं म्हणून काढलेला. पण बायका जमल्या की रंगावर थांबतात होय? सासू, नवरा, गुडघे, पाळी, सगळं तिथंच. दिवसभर मान खाली घालून काम करायचं. मन मोकळं करायला तेवढी एकच जागा.

त्याच जागेत सुरेखाचा बेत शिजत होता. सुरेखा माझ्या शेजारची. नवरा गेला तेव्हापासून दिराच्या कारखान्यात राबते. हात सोन्याचा, पण नाव सगळं दिराचं. दिवाळीला एक साडी हातावर टेकवली की झालं! तर हिनं गुपचूप रोह्यात एक गाळा बघितला. तिचा भाऊ तिकडं धाटावला कंपनीत असतो, त्यानं शोधून दिला. गणपती झाले की स्वतःचा कारखाना टाकायचा. तोवर दिराच्या कानावर जाता कामा नये, कारण त्याची रोह्यापर्यंत ओळख. एक फोन केला तरी गाळा हातचा जाणार. आम्ही सगळ्या तिच्या बाजूनं, सगळ्यांची तोंडं शिवलेली.

आणि अशात पोलीस चौकीवरून निरोप आला. गणपती तोंडावर आलेत, सगळ्या ग्रुपांच्या ॲडमिननी हजर व्हायचं!

मला वाटलं, सत्कारबित्कार करतायत. गेले नवी साडी नेसून. तिथं बघते तर भजनी मंडळ, क्रिकेटची पोरं, शाळेच्या पालकांचा ग्रुप, सगळे ॲडमिन बाकड्यांवर. साहेब म्हणाले, "अफवा फार पसरतात. म्हणून प्रत्येकानं आपल्या ग्रुपात आपल्या हवालदारांचा नंबर टाकायचा. आजच्या आज."

पुरुष सगळे माना डोलवतायत. एकाला तरी विचारावंसं वाटलं का? छे!

मी उठले. "साहेब, आमच्या ग्रुपात सगळ्या बायका हायेत."

"मग तर काळजीच नाय, काकी."

"काळजी आम्हाला हाय! बायका आपसात काय बोलतात, ते पोलिसाला कशाला?"

"लपवण्यासारखं काय नसेल तर घाबरता कशाला?"

असं डोकं फिरलं माझं! म्हटलं, "मग आणा तुमचा फोन इकडं. वाचते मोठ्यानं. तुमच्याकडं पण लपवण्यासारखं काय नसेलच!"

साहेबांचा हात गेला की नाय खिशावर! सगळे फिस्सकन हसले. मग मी कसली थांबते? म्हटलं, "कोर्टानं सांगितलंय, खासगीपणा हा माणसाचा हक्क हाय. चोराच्या घराची झडती घ्यायची तरी काही कारण लागतं ना? आणि आम्ही काही केलेलं नसताना सगळ्या गावाचं बोलणं तुमच्या हवालदाराच्या खिशात? ऑर्डर दाखवा लेखी!"

"वरून आलीय."

"वर म्हणजे कुठं? माळ्यावर?"

साहेब काही चिडले नाहीत. गावच्या गणपती मंडळाच्या अध्यक्षाकडं बघून एवढंच म्हणाले, "तुमची मांडवाची परवानगी अजून व्हायचीय ना?"

झालं! सगळे पुरुष माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मीच त्यांचा गणपती अडवून बसलेय. अध्यक्ष कुजबुजले, "काकी, टाका ना एक नंबर. काय होतंय?" काय होतंय म्हणे! तो हवालदार रोज सकाळचा चहा कुठं पितो, ठाऊक हाय? सुरेखाच्या दिराच्या कारखान्यात!

पण मी काय कमी हाय? घरी आले नि दुसरा ग्रुप काढला. नाव ठेवलं 'सुविचार'. त्यात सगळ्या बायका घातल्या नि हवालदाराला घातलं. जुन्या ग्रुपात सगळ्यांना बजावलं, "सुविचारवर फक्त शुभ सकाळ, देवाचे फोटो नि सांडग्यांची रेसिपी. बाकी सगळं इथं." केवढी खूश होते मी स्वतःवर! सरकारला मामा बनवला म्हणून जावेला चहा पाजला.

बायका पण अशा आज्ञाधारक, की विचारू नका. सूर्य उगवायच्या आत गुलाबाची फुलं. दुपारी शुभ दुपार. एकीनं तर शुभ संध्याकाळच्या आधीच शुभ रात्र टाकली, उगाच चूक नको म्हणून.

चार-पाच दिवस गेले, नि हवालदार फटफटीवरून दारात हजर.

"काकी, एक विचारू? गणपतीचा सीझन. एवढ्या बायका ग्रुपात. आणि एक पण भांडण नाय?"

"प्रेमानं राहतो आम्ही."

"हमरापुरात?" त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. "लाईट गेली तरी कोणी शिव्या देत नाय. ह्याच्यात कायतरी गडबड हाय. वर कळवावं लागेल मला."

बघा आता! बोललं तर वाचणार, नि नाय बोललं तर संशय! माणसानं जगावं तरी कसं? पण मी पडले हुशार. त्याच दुपारी सुरेखाला बोलावलं. म्हटलं, "आपण दोघींनी सुविचारवर भांडायचं. खोटं खोटं. तुझ्याकडची रंगाची मशीन मी परत दिली नाय, ह्याच्यावरनं."

"काकी, मला नाय जमायचं तुम्हाला बोलायला."

"जमेल गो! चांगलं झणझणीत बोल. त्याची खात्री पटली पाहिजे."

झालं सुरू. मी लिहिलं, मशीन तुझीच मोडकी. ती म्हणाली, मोडली तुम्ही. बायका मजा घेतायत. मी पडवीत बसून एकटीच हसतेय. सुरेखाला पण हळूहळू रंग चढला. नि तिनं लिहिलं, "मशीनचं सोडा. आधी तुमची आखणी बघा. तुमच्या गणपतीकडं बघून वाटतं, त्याला आत्ताच जुलाबाचं औषध दिलंय."

बायकांनी हसून हसून त्या ग्रुपात नुसता पाऊस पाडला, डोळ्यांतनं पाणी येणाऱ्या त्या पिवळ्या तोंडांचा.

आता तुम्हीच सांगा. मला म्हातारी म्हणा, भांडकुदळ म्हणा, मशीनचोर म्हणा. पण आखणीवर? माझ्या आखणीवर? हमरापुरात डोळ्यांवर बोललेलं सख्ख्या बहिणीचं पण ऐकून घेत नाय कोणी! हे खोटं भांडण हाय, मीच हिला बोल म्हटलंय, सगळं विसरले. अंगाची नुसती लाहीलाही. नि माझी ही बोटं! त्यांनी लिहिलं, "एवढी मोठी झालीस तर गणपती झाल्यावर रोह्याच्या गाळ्यात बसून आख की! दिराला सांगितलंस का, कारखाना टाकतेयस म्हणून?"

पाठवलं. वाचलं. अगं बाई!

पुसायला गेले, तर घाईत भलतंच दाबलं. माझ्या फोनावरनं गेलं, बाकी सगळ्यांच्या फोनांवर तसंच! मीच तेवढी सुखात, बाकी सगळ्यांना दिसतंय! सुरेखाचा फोन आला. उचलला. म्हणाली, "काकी, काय केलंत हे?" नि ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदाराचा चहा झाला, नि दुपारपर्यंत गाळा गेला. दिरानं रोह्याला फोन फिरवला, मालकानं गाळा दुसऱ्याला देऊन टाकला. दिरानं सुरेखाला सगळ्या कामगारांसमोर नको नको ते ऐकवलं. तिनं आपले ब्रश गुंडाळले नि संध्याकाळच्या एसटीनं भावाकडं निघून गेली.

मी तरातरा चौकीवर. "अफवा रोखायला बसवलंय ना तुम्हाला? मग ह्यात कुठली अफवा होती? एका बाईचं पोटापाण्याचं गुपित होतं! ते दिराला सांगायचा अधिकार कोणी दिला तुम्हाला?"

हवालदार बिचकला पण नाय हो! म्हणाला, "सहज बोललो, काकी, चहा पिता पिता."

सहज! ह्या सहजचाच संताप येतो मला. कोणी दुष्ट माणूस कपाटाआड लपून ऐकत असता, तर एक वेळ समजले असते. पण हा चहाबरोबर खारी खावी तसं आमचं आयुष्य खातो, नि वर म्हणतो सहज! चार चांगल्या शिव्या तोंडात आल्या होत्या. तेवढ्यात तो म्हणाला, "आणि वाचलं मी, पण लिहिलं कोणी?"

तशीच परत आले.

सुरेखा हरली नाय, एवढं तरी देवानं केलं. भावाच्या घराच्या ओट्यावरच ब्रश मांडून बसली. आमच्या बायका जास्तीचं काम तिच्याकडं पाठवतात, टेम्पोनं मूर्ती रोह्याला जातात नि डोळे घेऊन परत येतात. मी पण चार मूर्ती पाठवल्या होत्या, माफी म्हणून. चांगले आखलेत. चांगले म्हणजे... जाऊ द्या, माझ्यापेक्षा चांगले आखलेत. झालं समाधान?

फक्त एक कळेना. हे टेम्पोचं सगळं ठरतं कुठं? जुना ग्रुप थंड. सुविचारवर गुलाबाची फुलं. नि इकडं माझ्याच मांडवात बायका फोनात बघून खुसखुसतायत! शेवटी जावेला पकडलं. ती खाली मान घालून म्हणाली, "सुरेखानं नवीन काढलाय. तुम्हाला नाय घेतलं. ती म्हणते, खासगी हाय."

खासगी! मला!

आणि परवा हवालदार परत दारात. फटफटी बंद पण केली नाय. "काकी, बायकांनी नवीन ग्रुप काढलाय म्हणे. मला टाकायला सांगा की जरा."

म्हटलं, "हवालदार, रांगेत उभे राहा. तुमच्या आधी माझा नंबर हाय!"