सहावी टाचणी

माझी धाकटी बहीण कपडे शिवते आणि मी तिच्याच दुकानात काजं-बटणं करतो. मला लिहायची सवय नाही, कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

टाचण्या ती दातांत धरते, नेहमी सहा. तीस वर्षांत एकही हरवली नव्हती. तोंडात टाचण्या असतानाही ती गिऱ्हाइकाशी भांडू शकायची. गेल्या वर्षी तिचा जबडा कटकट वाजू लागला. मग वाजणं थांबलं आणि तोंडच अडलं, जेमतेम बोटभर उघडायचं. डॉक्टर म्हणाले, कानापुढच्या सांध्यातली चकती पुढे सरकली आहे. इंजेक्शनने सांधा धुऊन आत औषध सोडू.

परवा सकाळी ते झालं. निघताना डॉक्टरांनी मला बजावलं, "गाल आणि ओठ संध्याकाळपर्यंत बधिर राहतील. तोंडात काही घालू देऊ नका."

"दादा मला अडवणार? त्याला कुणाला हाक मारायची तर अर्धा दिवस लागतो," बहीण म्हणाली. ओठ वाकडा झाला होता, पण तोंड दोन बोटं उघडत होतं.

दुकानात येताच तिने अर्धवट कोट पुतळ्यावर चढवला आणि टाचण्या दातांत धरल्या. मी पाहिलं. बोलावंसं वाटलं. मग वाटलं, तिला का कळत नाही? मान खाली घालून काज करू लागलो.

"दादा, कोटाला पाचच लागल्यात."

फरशीवरून लोहचुंबक फिरवलं. दोन गंजक्या सुया निघाल्या, टाचणी नाही. तिने गळा धरला. "गिळली का रे मी? मला काही कळतच नाहीये."

"बोलू नकोस. आ कर."

टॉर्च धरली. शेवटच्या दाढेमागे टाचणी गालात रुतली होती, डोकं घशाकडे. दर आवंढ्याला ती हलत होती, सैल होत होती. दवाखान्यापर्यंत किती आवंढे होतील, कोण जाणे. मी धागे उपसायचा चिमटा घेतला. पहिल्यांदा निसटली. दुसऱ्यांदा आली, मागोमाग रक्ताचा थेंब.

संध्याकाळी बधिरपणा उतरला. गाल धरून ती माझ्यासमोर येऊन बसली.

"टाचण्या तोंडात घालताना तू बघत होतास ना?"

"हो."

"इंजेक्शन मला दिलं होतं, दादा. तुझं तोंड कशानं अडलं होतं?"

मी हातातलं काज उसवलं. ते वाकडं आलं होतं.