डबीतले डॉक्टर

आमच्या ह्यांची नोकरी गेली त्या वर्षी मी सगळ्यात जास्त कोणाशी भांडले असेन तर एका डबीशी. सासूशी नाही, शाळेतल्या हेडमास्तरांशी नाही, डबीशी. तिला डिजिटल डायरी म्हणायचे. हाताच्या पंजात मावेल एवढी, राखाडी, वर काच आणि बाजूला खोचलेली एक काडी. त्या काडीनं काचेवर टोचत बसायचं.

हे औषधाच्या कंपनीत एमआर होते. घर मेहकरात, आणि फिरणं सगळ्या जिल्ह्याचं. गळ्यात टाय, मोटरसायकलच्या टाकीवर बॅग, आज लोणार तर उद्या मोताळा. डॉक्टरांना भेटायचं, नवीन गोळी समजावून सांगायची, सॅम्पल द्यायचं आणि पुढच्या दवाखान्यात जायचं. कंपनीनं तेव्हा सगळ्या एमआर लोकांना या डायऱ्या वाटल्या होत्या. ह्यांनी तीत जिल्ह्यातले डॉक्टर भरले. नुसते फोन नंबर नाहीत. कोणाची ओपीडी किती वाजता सुटते, कोणाचा वाढदिवस कधी, लग्नाचा दिवस कधी, कोणाची मुलगी बारावीला आहे, कोण बिनसाखरेचा चहा घेतो, सगळं. माझा वाढदिवस त्यात होता की नाही, मी कधी विचारलं नाही.

मग कंपनी दुसऱ्या कंपनीला विकली गेली. नव्या लोकांनी नाव तेच ठेवलं, पण आपली तरणी पोरं आणली. ह्यांच्याकडून बॅग घेतली, सॅम्पलं मोजून घेतली, ओळखपत्र घेतलं. डायरी कोणी मागितली नाही. तोवर ती जुनी झाली होती, भंगारात जमा.

हे घरी बसले. माझी जिल्हा परिषदेच्या शाळेतली नोकरी होती, त्यामुळे चूल पेटत होती, पण घरात बसलेला पुरुष म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. दहा वाजले की हे टाय न लावता टायची गाठ चाचपायचे. सासूबाई म्हणायच्या, "काऊन वं, याले बरं नाई का?" मी काय सांगणार बाप्पा.

एक दिवस हे अकोल्याहून आले ते हसतच आले. तिथं एका लहान कंपनीचा माणूस भेटला होता. तो म्हणाला, आमची औषधं तुमच्या जिल्ह्यात तुम्हीच विका, एजन्सी तुम्हाला देतो, फक्त तुमच्या शब्दावर कोणकोणते डॉक्टर आमचं औषध लिहितील ते विचारून सांगा. एवढंच काम. फोन करायचे, शब्द घ्यायचा, अकोल्याला कळवायचं. त्या दिवशी हे एक भाकर जास्त जेवले. मला इतकं बरं वाटलं की मी दुसऱ्या दिवशी शाळेत पोरांना गृहपाठच दिला नाही.

"उद्यापासून लावा फोन," मी म्हटलं.

"असे नाई लावत फोन," हे म्हणाले. "पहिले सगळी यादी कम्प्युटरवर घेतो. तालुक्यानं लावतो. मंग एकेकाले पद्धतशीर."

आणि इथून आमची साडेसाती सुरू झाली. घरातला कम्प्युटर व्हायरसनं आधीच मेलेला होता. ह्यांचा एक मित्र गावात कम्प्युटर क्लास चालवायचा, त्यानं त्यात लिनक्स टाकून दिलं होतं. म्हणाला, हे फुकट, आणि यात व्हायरस येत नाही. व्हायरस आला नाही हे खरंच. पण डायरीही आली नाही. डायरीबरोबर मिळालेली सीडी लिनक्सला चालेना. डायरी तिच्या स्टँडमध्ये बसवायची, स्टँडची वायर कम्प्युटरला लावायची, पडद्यावर आज्ञा टाईप करायची आणि स्टँडवरचं बटण दाबायचं. मग दोघांची याददाश्त एक व्हायची होती. त्याला सिंक म्हणतात हे मला त्या वर्षी कळलं, आणि कळलं नसतं तरी चाललं असतं.

पहिले काही दिवस पडद्यावर यायचं, परवानगी नाही. कोणाची परवानगी? घर आमचं, कम्प्युटर आमचा, डायरी आमची. मित्रानं येऊन ती परवानगी मिळवून दिली. मग दुसरंच सुरू झालं. रोज एकच ओळ: असं उपकरण अस्तित्वात नाही. उपकरण तर समोर स्टँडमध्ये ढिम्म बसलेलं. वायर बदलली, वायर लावायची जागा बदलली, लिनक्स पुसून नवीन टाकलं. हे बस स्टँडजवळच्या नेट कॅफेत जाऊन इंग्रजी कागदांचे गठ्ठे छापून आणायचे. जगात कोणाकोणाच्या डायऱ्या अडल्या होत्या आणि त्यांनी काय काय केलं, ते सगळं त्या कागदांवर. हे त्यावर लाल पेननं रेघा मारायचे. नोकरी होती तेव्हा संध्याकाळी रिपोर्ट लिहिताना जसे बसायचे, तस्सेच बसायचे. आंघोळ करून, भांग पाडून.

मी एकदा सरळच बोलले. "अहो, नंबर तर त्या डबीत दिसूनच राह्यले ना? पाहा अन् लावा. काखेत कळसा अन् गावाले वळसा."

"तुले नाई समजत," हे म्हणाले.

मला समजत नव्हतं हेही बरोबर. त्यातच त्या डबीला सकाळी नऊ वाजता वाजायची खोड. आज अमक्या डॉक्टरांचा वाढदिवस. आज तमक्यांच्या लग्नाचा वाढदिवस. नोकरी असताना ती वाजली की हे लगेच फोन करायचे, सर, अभिनंदन. आता वाजली की काडीनं एक टोचा देऊन तिला गप्प करायचे. मी पोळ्या लाटता लाटता बघायचे. नोकरी गेली होती ती माणसाची, डबीची नाही. एक दिवस रागानं मी म्हटलं की ही डबी पैनगंगेत फेकून देईन, तर हे दिवसभर ती खिशात घेऊन फिरले.

अकोल्याच्या माणसाचे फोन यायला लागले. काय झालं साहेब? हे सांगायचे, यादी कम्प्युटरवर घेणं चालू आहे. तो माणूस भला. पण त्यानंही मधे सुनावलं की बुलडाणा जिल्ह्यासाठी अजून एकजण मागे लागलाय, मी तुमच्यासाठी थांबलोय. एवढी एक संधी, आणि ती एका वायरीवर लटकलेली.

बटण दाबायचं काम माझ्याकडे आलं होतं. हे कीबोर्डवर बसायचे, स्टँड टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, कारण वायर तिथूनच बसायची. हे टाईप करणार, एंटर मारणार, मग म्हणणार "दाब", मग मी दाबणार. मग उपकरण अस्तित्वात नाही. एका शनिवारी सकाळची शाळा करून उन्हातान्हात घरी आले. अजून चप्पलही काढली नव्हती आणि ह्यांनी हाक मारली, "ये ना जरा, आज होते वाटते." डोक्यात तिडीक गेली. ह्यांचं टाईप करणं चालूच होतं, मी गेले आणि दाणकन बटण दाबलं.

"अवं, थांब ना, मी अजून," असं म्हणता म्हणता ह्यांचा हात एंटरवर पडला.

आणि डबी टुणकन वाजली. पडद्यावर नावं धावायला लागली. चिखली, देऊळगाव राजा, शेगाव, मोताळा, सगळे डॉक्टर आपापले वाढदिवस घेऊन कम्प्युटरमध्ये येऊन बसले. बटण आधी दाबायचं होतं, बस. दाबल्यावर काही सेकंदच कम्प्युटरला डबी दिसते, तेवढ्यात आज्ञा द्यायची. इतके महिने आम्ही उलटं करत होतो.

मी हसत सुटले. सासूबाईंना हाक मारली. साखर आणून ह्यांच्या हातावर ठेवली. ह्यांनी ती तोंडात टाकली नाही. पडद्याकडे बघत बसले होते. आनंदाचा तर सोडा, हायसं वाटल्याचाही चेहरा नव्हता. शेताला आग लागल्याचं ऐकल्यावर माणूस जसा बसून राहतो तसे बसले होते. माझं हसू तिथंच थांबलं.

"आता लावा," मी म्हटलं.

"सोमवारी लावतो."

"आजच लावा. एकच लावा."

ह्यांनी सगळ्यात जवळचा डॉक्टर निवडला. जवळचा म्हणजे किती, तर त्या डॉक्टरांच्या सासूबाईंना शेगावला दर्शनाला जायचं होतं तेव्हा ह्यांनी आदल्या दिवशी जाऊन लॉजवर खोली धरली होती आणि म्हातारीला हाताला धरून समाधीपर्यंत नेलं होतं. त्यांचे वडील वारले तेव्हा हे स्मशानात सरणाची लाकडं उतरवत होते. आमच्या घरच्या मयतीत सुद्धा हे इतके राबले नव्हते. मला ऐकू यावं म्हणून ह्यांनी मोबाइलचा स्पीकर लावला.

"नमस्कार सर," म्हणून ह्यांनी आडनाव सांगितलं.

"कोण?"

ह्यांनी पुन्हा सांगितलं.

"कोणती कंपनी?"

ह्यांनी जुन्या कंपनीचं नाव सांगितलं. "हां हां," डॉक्टर खुशीत म्हणाले, "अहो, तुमचा माणूस कालच येऊन गेला. चांगला मुलगा आहे. काही राहिलं का?"

"सर, त्याच्या आधी मी यायचो. शेगावला तुमच्या सासूबाईंच्या वेळेस..."

"असं का? बरं, बरं." मागं कोणीतरी पेशंट खोकत होता. "नाव काय म्हणालात तुमचं?"

ह्यांनी पूर्ण नाव सांगितलं. आपलं, मग वडिलांचं, मग आडनाव. रेशनच्या रांगेत सांगतात तसं. डॉक्टर म्हणाले, ओपीडी चालू आहे, नंतर कधीतरी बोलू. ते काही वाईट बोलले नाहीत. त्यांच्या दवाखान्यात रोज एवढे एमआर येतात, सगळे टाय लावलेले, सगळे हसणारे. ते त्यांना कंपनीच्या नावानंच ओळखतात.

ह्यांनी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. मला रडू येत होतं आणि त्या डॉक्टरचा गळाही धरावासा वाटत होता. सासूबाई दारात उभ्या होत्या, त्या आत गेल्या. मग हे पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "नंबर चुकून आले वाटते. एकाच्या नावापुढं दुसऱ्याचाच लागला असन. सगळं परत करा लागते."

आवाज त्या डॉक्टरांचाच होता. तो मी त्यांच्या घरच्या लग्नात, मयतीत, फोनवर कितीदा ऐकला होता.

"हाव," मी म्हटलं. "तसंच झालं असन. पुसून टाका, परत करू."

ह्यांनी सगळी नावं पुसली. नवा कागद काढला, लाल पेन घेतला.

पुढच्या आठवड्यात अकोल्याच्या माणसाचा फोन आला तेव्हा हे बाथरूममध्ये होते. मोबाइल मी उचलला. त्यानं विचारलं, वहिनी, झालं का काही, आता मला कोणाला तरी द्यावंच लागेल. मी म्हटलं, "यादी कम्प्युटरवर घेऊन राह्यले भाऊ. लिनक्सचा थोडा घोळ आहे. झालं की कळवतात."