मुसकं पाडणारी चिंगी

मंडळी, आज एका करडानं मला चांगलंच शहाणं केलं.

कासुर्डीत आमच्या गोठ्यात तीन महिन्यांची तीन करडं आहेत. माती खाऊन हगवण लागू नये म्हणून मी त्यांच्या तोंडाला पहिल्यापासून जाळीची मुसकी बांधली. फक्त दूध पाजताना सोडायची. दोन करडं लोण्याच्या गोळ्यासारखी झाली. तिसरी चिंगी मात्र खुंटाला तोंड घासून मुसकं पाडायची आणि आईपुढचा सुबाभळीचा पाला चोरून खायची. रोज माझ्या शिव्याही खायची.

चार दिवसांपूर्वी तिघांचं दूध तोडलं आणि मुसकी काढून पुढं पाला टाकला. तेव्हापासून ती दोन पाल्यापुढं नुसती ओरडत उभी. आज त्यांची पोटं खपाटीला गेलेली बघून शेजारच्या आप्पांना बोलावलं. त्यांचं आयुष्य शेळ्यांमागं गेलंय.

"आगं पोरी, दुधानं अंग भरतं, पर रवंथाचं पोट चघळून चघळून वाढतंय. दोन-तीन आठवड्यांपासनं पाला चघळू द्यायचा. तू तर त्वांडच बांधून ठिवलंस!"

"मग आता ओ, आप्पा?"

"दूध परत लाव, पाला टांगून ठिव. हळूहळू शिकतील."

चिंगी कोपऱ्यात निवांत रवंथ करत होती.

घरात आले. घशात अडकेल या भीतीनं अडीच वर्षांच्या लेकीला मी अजून वरण-भात मिक्सरमधून काढून भरवते. आज ताट तसंच तिच्यापुढं ठेवलं. अर्धा भात सांडला. उरलेला तिनं माझ्याकडं बघत चावून खाल्ला.

खरं सांगा, काळजीपोटी तुम्ही कुणाला मुसकं बांधलंय?