वहिनीच्या हातची मुरड

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यासमोर नाही, आईसमोर तर नाहीच. तुम्हाला सांगतेय — का, ते मलाच नीट ठाऊक नाही.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. पाचोडहून शहरात येऊन हॉटेल मॅनेजमेंट केलं, क्रांती चौकाच्या मागं स्वतःचं किचन टाकलं. त्याचा मला अभिमान आहे. तो मी कधी लपवला नाही. लपवलंय ते दुसरंच.

माझं नाव झालं ते सीफूड पॉट पायमुळं. एकेकाची वेगळी चिनी मातीची वाटी, आत पांढऱ्या सॉसमध्ये कोळंबी, सुरमई, खेकडा, वर लोण्याच्या पारीचं झाकण, भट्टीत फुगून आलेलं. नाव ऐकून वहिनी पदर तोंडाला लावून हसली होती. "माशाला कुठले पाय, वन्सं?"

वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. चौथी शिकलेली. दादा शहरात नोकरीला आला तशी ती माझ्याकडं कामाला यायला लागली. गळ्यात माळ, त्यामुळं मासळीला शिवायची नाही. कोळंबीची मुंडकी मी मोडायची, खेकड्याच्या नांग्या मी वरवंट्यानं फोडायची. झाकणं तिच्याकडं. लोणी घडीवर घडी घालून लाटायला मला दोन वर्षं लागली होती. तिनं एकदा बघितलं आणि म्हणाली, व्हय, हा तर करंजीचा साटा. दुसऱ्या दिवशी तिची पारी माझ्यापेक्षा जास्त फुगली. तेव्हाच टोचलं होतं का मला? टोचलं होतं.

एका मोठ्या हॉटेलचे शेफ चव बघायला आले. माझ्या वाट्यांच्या कडा काट्यानं दाबलेल्या, कॉलेजात शिकवतात तशा. तिनं चार वाट्यांना करंजीसारखी मुरड घातली होती — दोरीच्या पिळासारखी, बारीक, एकसारखी. त्यांनी नेमकी त्यातलीच उचलली. हे कुणाच्या हातचं, म्हणून विचारलं. वहिनी मागं वाट्या पुसत उभी होती. मी म्हणाले, माझ्या.

मग ही मुरड उद्या आमच्या किचनमध्ये सगळ्यांसमोर करून दाखवा, शेफ म्हणाले.

ते गेले आणि दुपारभर वहिनी मला शिकवत बसली. कड चिमटीत धरायची, अंगठ्यानं दुमडायची, पुढं सरकायचं — माझ्याकडून फाटतच होती. तिसरी वाटी मी भिंतीवर फोडली. तिनं तुकडे झाडले. आठवी फाटली तेव्हा मात्र ती हसली. कुत्सित नाही, घरातलं माणूस हसतं तशी.

"राहू द्या वन्सं. बोटांना काय कॉलेज नसतंय."

माझ्या हातात पेस्ट्रीचं लाटणं होतं. हातभर लांब, भरीव. ते मी तिच्या उजव्या हातावर घातलं. दोन बोटं मोडली. नख फाटलं, पारीवर रक्त सांडलं. मी आधी ती पारी गोळा करून फेकून दिली — आधी पारी, मग तिच्याकडं बघितलं.

डॉक्टरांना सांगितलं, भट्टीचं जड दार हातावर आपटलं. वहिनीनं माझ्याकडं बघितलं. मग होय म्हणून मान हलवली. दादानं शिव्या देत ते दार खोललं आणि त्याची धडधाकट बिजागरी बदलली. मी त्याच्या हातात पाना देत उभी होते.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात मी म्हणाले, मुरडीतून वाफ सुटते, सॉस उतू जातो, काट्याचीच कड बरी. पटलं त्यांना. माझे पॉट पाय तिथं आजही जातात.

वहिनीची बोटं वाकडीच जुळली. चिमूट धरता येत नाही. कुंकू डाव्या हातानं लावते. दिवाळीच्या करंज्या आता गुलमंडीतून विकत येतात, आणि दादा पाहुण्यांना सांगतो, ही माझी बहीण होती म्हणून निदान हात तरी वाचला. मी ताट वाढत राहते.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, रागाच्या भरात हात गेला. लिहायला बसले तेव्हा मीही एवढंच सांगणार होते. पण फटके दोन होते.

पहिल्याला कातडी सोलली, तेवढंच. तिनं हात पोटाशी ओढून घेतला. ओरडली नाही, नुसतं "वन्सं" म्हणाली. मी तिचं मनगट धरलं. हात पुन्हा ओट्यावर आणला. मिटलेली बोटं एकेक करून उघडली. तिनं उघडू दिली — मी जखम बघतेय, असं तिला वाटलं असावं.

मग लाटणं उचललं. तेव्हा मला राग नव्हता. उद्या कुणी तिला बोलावू नये, एवढंच डोक्यात होतं. खेकड्याची नांगी फोडताना येतो तो आवाज दुसऱ्या फटक्याला आला.